अल्गोतचा दांडा

४ फेब्रुवारी १९९१, सोमवार

आज पुन्हा! ऑपरेशनचा ठरलेला क्रम अल्गोतनं, आमच्या मोठ्या सर्जननं, ऐनवेळी उलटा केला. आधी लुलियो गावच्या आजी, मग लाकूडतोड्या, असं ठरलं होतं. लाकूडतोड्याला आधी टेबलावर घेतलं. का, तर म्हणे, "आजींनी सकाळी कॉफी ढोसली." मी वॉर्डात जाऊन विचारलं. आजींनी कालपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता.

खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी दोन दांडे आम्ही वर्षभर ताडून बघतोय. एक अल्गोतनं स्वतः घडवलेला – खरबरीत, सिमेंटशिवाय मांडीच्या हाडात ठोकून बसवायचा. दुसरा जुना, गुळगुळीत, सिमेंटमध्ये बसणारा. कुणाला कुठला, ते बंद पाकीट ठरवतं: दर ऑपरेशनला गठ्ठ्यातलं पुढचं पाकीट फोडायचं, आत दांड्याचं नाव. पाकिटांचा क्रम बदलता येत नाही. माणसांचा येतो – हे माझ्या डोक्यात आज आलं.

७ फेब्रुवारी

जेवायला वाटाण्याचं सूप. थिएटरची सिस्टर बेरित शेजारी बसली, तिला सहज छेडलं. "तो क्रम नेहमीच बदलतो ग. वय झालं, लहरी झालाय. तू कशाला मनावर घेतेस, गुनेल?"

मनावर घेत नाही. पण लहर दर वेळी एकाच बाजूला कशी झुकते? दणकट हाडांची माणसं त्याच्या दांड्याला, भुसभुशीत हाडांच्या म्हाताऱ्या दुसऱ्याला. चांगल्या हाडात कुठलाही दांडा टिकतो. एप्रिलमध्ये निकाल. जो दांडा जिंकेल तोच उत्तर स्वीडनमधली सगळी इस्पितळं वापरणार. त्याचा जिंकला तर त्यावर अल्गोतचं नाव.

११ फेब्रुवारी

आळ घेणं सोपं असतं. हातोडा कसा धरायचा, हे त्यानंच मला शिकवलंय. माझं काही चुकलं तर बाजूला घेऊन सांगायचा.

तरीही.

१२ फेब्रुवारी

आज सणाचे क्रीम भरलेले पाव. अल्गोतनं सगळ्यांसाठी आणले. मी घेतला नाही. "वजन?" त्यानं विचारलं. हो म्हटलं. त्यानं दोन खाल्ले, मिशीला क्रीम लागलं, बेरित हसून हसून बेजार. अशा माणसावर संशय घ्यायचा?

१९ फेब्रुवारी

पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी!

एक्स-रे बघायची दिव्याची पेटी चालू होती. वर एक्स-रे नव्हता, उद्याचं पाकीट होतं. चष्मा कपाळावर चढवून अल्गोत त्यावर वाकला होता. मला बघितलं आणि पाकीट खिशात गेलं. "काच पुसत होतो," म्हणाला. फडकं कुठे होतं?

म्हणजे आत काय आहे ते आधी बघायचं, मग कुणाला आत घ्यायचं ते ठरवायचं. वर्षभर आम्ही काय मोजलं मग? त्याची हातचलाखी. इतका राग आला की दुपारी टाके घालताना दोनदा दोरा तुटला.

२० फेब्रुवारी

चोर. लिहिलं म्हणजे बरं वाटेल असं वाटलं होतं. शुक्रवारी इस्पितळाच्या समितीसमोर हे सगळं सांगणार आहे.

कॉफीच्या वेळी म्हणाला, "गुनेल, रुसलीस का?" मी कप ठेवून वॉर्डात निघून गेले.

२१ फेब्रुवारी

अल्गोत माझ्या खोलीत आला, दार लावून घेतलं. "उद्या हेल्फ्रिदचा खुबा आहे. माझी थोरली बहीण. तू कर. पाकीट फोडू नकोस, सरळ गुळगुळीत बसव."

"तुझा का नको?"

"एक्क्याऐंशीची आहे ती. माझा ठोकताना मांडीचं हाड चिरेल तिचं." मग खाली बघत म्हणाला, "हाड चिरायच्या आधी ठोकण्याचा आवाज बदलतो. चाचणीच्या पहिल्याच आठवड्यात मी तो ऐकला. थांबलो, बाई वाचली. तेव्हापासून नाजूक हाडांच्या कुणाला माझा दांडा लागू दिला नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आयुष्य गेलं ग त्या दांड्यात."

चोर नव्हता तो. त्या सगळ्या आजींना त्यानंच वाचवलं – आणि म्हणूनच त्याच्या दांड्यानं वर्षभरात एकही हाड चिरलं नाही. एप्रिलमध्ये तोच जिंकेल. मग उत्तरेतल्या प्रत्येक टेबलावर नाजूक हाडांच्या आजींना त्या दांड्यापासून वाचवायला अल्गोत कुठे कुठे पुरणार?