गाळणीचं पाणी

३ डिसेंबर १९५६
परत रंग उडाला! गिरणीच्या वसाहतीचं सांडपाणी दगडांच्या गाळणीतून नाल्यात उतरलं की तिथून बाटलीत भरून निळा रंग टाकतो. पाणी स्वच्छ तर निळं टिकतं. मी जूनमध्ये रुजू झालो तेव्हा आठवडा टिकायचं. आता एक दिवस! दगड तेच, त्यांवर घाण खाणारे जंतू तेच. मग? – पाणी सोडायची झडप गाळणीवरच्या कामगाराच्या, श्रावणच्या हातात असते.

५ डिसेंबर
घाण पाणी गाळणी चुकवून सरळ नाल्यात सोडत असणार. दसऱ्याला नागपूरहून बौद्ध दीक्षा घेऊन आल्यापासून मान वर करून बोलतो. विचारलं तर म्हणे, "थंडी पडून राह्यली साहेब. दगड सुस्तावले." मला शिकवतो!

१२ डिसेंबर
बाभळीआड तासभर उभा राहिलो. झडपेला शिवला नाही. मला पाहिलं असणार.

१९ डिसेंबर
मॅनेजर महादेवरावांना लेखी दिलं – श्रावण झडप उघडतो. "स्वतः पाहिलंत?" मी हो म्हणालो.

२२ डिसेंबर
श्रावणला काढलं. जाताना दारात थांबला. "तुमी मले झडप उघडताना पाह्यलं? कधी?" मी रजिस्टरात डोकं घातलं.

२ जानेवारी १९५७
झडपेला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. तरी रंग उडाला.

६ जानेवारी
आज पाण्यात थर्मामीटर बुडवला – चौसष्ट फॅरनहाइट. ऑगस्टात चौऱ्याऐंशी होतं. दगडांवरचा बुळबुळीत थर खरवडून दोन बरण्यांत घातला, वर तेच सांडपाणी. एक बरणी अंगणात, एक चुलीमागे. पद्मा जेवलीच नाही – "स्वैपाकघरात हे आणलंत?"

९ जानेवारी
चुलीमागचं पाणी निवळलं, निळं टिकलं. अंगणातलं तसंच घाण. जंतू थंडीत मंदावतात – एवढंच! आणि मी माणसाची भाकरी घालवली.

१० जानेवारी
श्रावणच्या घरी गेलो. त्याची बायको देवकाबाई भांडी घासत होती. "पुलगावले गेले, काम पाहाले. आता अजून काय पाह्यजे तुमाले?" बसा म्हणाली नाही. मला माफी मागता आली नाही.

११ जानेवारी
महादेवरावांना लिहून दिलं – मी खोटं बोललो, श्रावणला परत घ्या. त्यांनी शांतपणे वाचलं, कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला.
"कृष्णकांत, हिवाळ्यात पाणी दरसाल बिघडतं. मला ठाऊक आहे. दसऱ्यापासून त्याला काढायला एक सही हवी होती."