खोली होती तशी

३ नोव्हेंबर, सोमवार

बूट गेले! शनिवारी पलंगाखाली लाल बूट होते, आज नाहीत. दाढी सगळ्यांसमोर माझ्यावर खेकसला — "तुला ठेवलंय कशाला?" दाढी म्हणजे आमचा दिग्दर्शक. स्वतःचा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो, आणि मला विचारतो!

मला ठेवलंय ते खरं याचसाठी. आधीच्या शॉटमध्ये कप जिथे होता तिथेच पुढच्या शॉटमध्ये हवा, पडदा तेवढाच सरकलेला, केसांची बट त्याच बाजूला. रोज फोटो काढते, रोज जुळवते. पण इथे जुळवू काय, डोंबल! सेट उभारायला पैसे नाहीत म्हणून लोकांचं राहतं घर भाड्याने घेतलंय. मालक, वहिनी आणि त्यांची छोटी चिमी मागच्या खोलीत दाटीवाटीने राहतात, आणि चिमीच्या खोलीत आमचा भयपट. खिडक्यांना काळं कापड लावून दिवसाची रात्र करायची आणि घाबरायचं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

भावाचा फोन. "तुला असले दळभद्री सिनेमे का आवडतात गं?" आवडतात बाबा! पैसे नसतात, म्हणून भूत परवडत नाही. मग भीती घरातल्याच कुणावर तरी सोपवावी लागते. आमच्या सिनेमात बाप एक दिवस कामावरून घरी येतो आणि आई-मुलीला कळतं — हा तो नाही. बस्स. ना रक्त, ना धूर. कुलपात किल्ली फिरली की दोघी गप्प होतात, एवढंच. आणि अंगावर काटा येतो. बघणारे किंचाळतात, मग हसतात, मग निवांत आपापल्या घरी जातात.

घरमालक कामावरून आले की दाढीशेजारी खुर्ची टाकून बसतात. गोड माणूस. सगळ्यांना ताई, दादा. आज म्हणाले, "तुमचा बाप फार ओरडतो हो. ओरडायची काय गरज असते?" दाढी खूश! लगेच अर्धे संवाद उडवले. सीन खरंच भयंकर झाला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज हिरवा स्वेटर गायब, भिंतीवरचा चिमीचा शाळेतला फोटोही गायब. युनिटमध्ये एकच चर्चा — भूत! दाढी तर हरखलाच. माझं डोकं फिरलं. मोठ्याने बोलले, "भूतबित काही नाही. या खोलीतून कुणीतरी सामान हलवतंय."

मागे मालक उभे. "काय काय गेलंय, ताई?" अगदी हळू विचारलं.

दारात वहिनी होत्या. त्यांनी मालकांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. चिमीकडे पाहिलं. चिमी काहीतरी गुणगुणत होती, ती थांबली. आमची नटी या नजरेसाठी आठवडाभर झटतेय, तिला जमलेली नाही.

"आमच्याच माणसांनी इकडचं तिकडे केलं असेल," मी घाईने म्हणाले. जीभ झडो माझी! आधीच गप्प बसले असते तर?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मालक फोटो मागतात. "पहिल्या दिवशीची खोली बघू द्या ना." बॅटरी संपली म्हटलं. हसले. "चार्जर देतो की." तेवढ्यात दाढीने हाक मारली म्हणून सुटले.

नंतर स्वयंपाकघरात वहिनींनी नळ मोठा सोडला. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, तुमचं काम संपेपर्यंत खोली होती तशी दिसू द्या. हात जोडते." बाही वर सरकली होती, ती घाईने खाली ओढली. पण मला दिसायचं ते दिसलं. बघायचेच तर पैसे घेते मी.

म्हणजे वहिनी रोज बाहेर नेतात त्या धुण्याच्या पिशवीतून एकेक वस्तू घराबाहेर पडतेय. बाई निघायच्या तयारीत आहेत! आणि मी मूर्ख त्यांच्यामागे पहारेकरी लावून बसले.

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. बाजार पालथा घातला. तसाच हिरवा स्वेटर मिळाला, तसेच लाल बूटही. दोनदा धुतला, कोपर दगडावर घासले, एक बटण सैल केलं. लाल बुटांना चिखल फासला. माझ्याच फोनमधून चिमीचा फोटो मोठा करून छापला, चौकटीत घातला. हे काम मला येतं. आज पहिल्यांदा वाटलं, बरं झालं शिकले.

१० नोव्हेंबर, सोमवार

सगळं जागच्या जागी! वहिनींनी खोलीत पाऊल टाकलं, पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते.

नळ मोठा सोडून वहिनींशी कुजबुजत ठरवलं. बुधवारी शेवटचा दिवस. दिव्यांच्या पेट्यांबरोबर ड्रायव्हरकाकांच्या व्हॅनमधून निघायचं, वहिनींच्या बहिणीकडे. काकांना विचारलं तर म्हणाले, "बसव. मला काही सांगू नको."

संध्याकाळी मालक आले. पलंगावर बसले. स्वेटर उचलला आणि हुंगला! "नवा वास येतोय, ताई."

"शूटिंगसाठी धुतला," म्हटलं. आवाज कुठून आला देव जाणे.

त्यांनी स्वेटरची घडी घातली. इतकी नीट घडी मी कधी बघितली नाही. "परवा शेवटचा दिवस ना? मी रजा टाकलीय."

ही भीती वेगळी आहे. हिच्यानंतर हसू येत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या ते दिवसभर घरात असणार. काय करू? देवा, काहीतरी सुचव.

१२ नोव्हेंबर, दुपार

सुचलं! दाढीला म्हटलं, शेवटच्या शॉटला बापाची नुसती पाठ हवीय ना? मालकांची घ्या, खरी वाटेल. मालक लाजले. केस विंचरून आले! चिमीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे केले. कट म्हणेपर्यंत वळायचं नाही. दार मी लावून घेतलं.

दाढीचं एका टेकमध्ये समाधान कुठलं! पुन्हा, पुन्हा. मीही "कॉलर सरकली" म्हणून मध्येच अडवलं. खाली व्हॅन सुरू झाली. मालकांची मान हलली. "वळू नका हां!" दाढी ओरडला.

नाही वळले! व्हॅनचा आवाज लांब गेला.

बाथरूममध्ये बसून हे लिहितेय. सुटल्या! दोघी सुटल्या!

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ

बाथरूममधून बाहेर आले तर वहिनी मालकांना पाणी देत होत्या.

"चिमी कुठाय?"

"मावशीकडे पाठवली."

"बरं," मालक म्हणाले. ग्लास हळूच खाली ठेवला.

जिन्यात मी वहिनींचा हात घट्ट धरला. चला, आत्ता चला, आम्ही सगळे आहोत! त्यांनी एकेक बोट सोडवलं. "दोघी गेलो असतो तर हे मागे आले असते. मी घरात असले की हे घरातच राहतात."

बूट, स्वेटर, फोटो — गेलं ते सगळं चिमीचं. वहिनींचा साधा रुमालसुद्धा जागचा हलला नव्हता.

पोलिसांना फोन करते, म्हटलं. वहिनी वर गेल्या आणि दार त्यांनीच आतून लावून घेतलं.