खाटेवरून टिपलेली छायाचित्रे

२२ ऑक्टोबर २०२४, तिरोडा

पेल्याचे बूड! पंख्याचे पोट! माझा चेहरासुद्धा हनुवटीखालून! सूनबाई रेणूने आपला जुना मोबाईल आमच्या सौ. धुरपतेच्या हाती दिल्यापासून या घरातील एकही वस्तू सरळ उरलेली नाही. छायाचित्र समोरून घ्यावे, एवढे तरी पथ्य पाळावे. तसे मी तिला स्पष्ट सांगितले.

"मले जसं दिसते तसंच काढीन ना जी! उभं करून द्या, मंग समोरून काढीन."

श्रावणात तिचे डावे अंग गेले. तेव्हापासून ती पडूनच आहे.

२५ ऑक्टोबर

पुन्हा तोच हट्ट — "खाट फिरवून द्या. दारातून मले माहा धान पाहू द्या." घरासमोरच्या बांधीतील, म्हणजे बांध घातलेल्या शेततुकड्यातील, रोवणी तिने स्वतः केली होती, तिचे ते शेवटचे काम. परंतु दार तिच्या डोक्यामागे, दक्षिणेस. खाट फिरवली, तर पाय दक्षिणेकडे होतील. तसे केवळ प्रेताला ठेवतात! मी नकार दिला.

"काऊन जी, मेल्यावर त फिरवालच. तवा का मी धान पाहीन?"

अशुभ बोलू नये, असे बजावून मी बाहेर पडलो.

३० ऑक्टोबर

आणखी एक पेला. आणखी एक पळी.

८ नोव्हेंबर

आभाळ भरून आल्यामुळे भैय्यालालचे हार्वेस्टर दोन दिवस आधीच बोलावले. दुपारपर्यंत बांधी मोकळी झाली. धान भिजला नाही — समाधान! यंत्राचा आवाज सुरू होताच धुरपतेने मोबाईल उशीखाली सारला. आवाजाचा त्रास होत असावा.

९ नोव्हेंबर

सायंकाळी रेणू मोबाईल घेऊन आली. "मामाजी, हे मोठं करून पाहा जरा."

पेल्याच्या चकचकीत बुडात एक उजळ चौकोन — आमचे दार. त्यात हिरवी रेघ. पळीच्या पाठीवर तीच रेघ, वाकडी. परातीत तीच, पिवळी होत आलेली.

"आई पाणी पिऊनच नाही राहिल्या. पेला वर धरायले लावतात मले. 'थोडा तिकडं, थोडा तिकडं' म्हणतात."

आणि मी तिला छायाचित्रण शिकवत होतो!

१० नोव्हेंबर

सकाळीच खाट फिरवली. पाय दक्षिणेस. उशी उंच केली. धुरपता धसकटांकडे बराच वेळ पाहत राहिली.

"फिरवून टाका जी परत," ती म्हणाली. "भिंतच बरी."