मागवणारा : विलास

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो एकदाचा! मेट्रोने करोल बाग, मग ई-रिक्षावाल्याशी यथेच्छ हुज्जत, आणि मग साड्यांच्या ठोक दुकानावरचा चौथा मजला. लिफ्ट आहे, पण ती मालाच्या गठ्ठ्यांसाठी. माझी बॅग गठ्ठ्यात धरली गेली, मी नाही. चार जिने चढून वर पोहोचलो तेव्हा बॅग माझी वाट बघत उभी होती.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मराठी मुलांची अभ्यासिका आहे. चाळीस खुर्च्या, चौदा कॉम्प्युटर आणि एक स्टोव्ह. वाशीमला घरी मी 'मॅनेजर म्हणून निघालोय' असं सांगितलंय; प्रत्यक्षात कॉम्प्युटर सांभाळायचे, बदल्यात राहायला पोटमाळा. तक्रार नाही. मालक हरीश सर गुरुग्रामला असतात आणि इकडे फारसे फिरकत नाहीत. मला बोलावलं ते विलासदादांनी.

दोन वर्षांपूर्वी मी परीक्षेत दुसऱ्यांदा आपटलो, तेव्हा फोनवर तासभर माझी समजूत घालणारा हा माणूस आज प्रथम डोळ्यांनी पाहिला. सेहेचाळीस वर्षांचे, किडकिडीत, मफलर गुंडाळलेले. सांगोल्याहून वीस वर्षांपूर्वी आले. परीक्षेच्या सगळ्या संधी संपल्या, तरी परत गेले नाहीत. आई गेल्यावर भावांचे फोनही थांबले म्हणे. हे त्यांनी मला चहा गाळता गाळता सांगितलं, जणू दुसऱ्या कुणाचं सांगत होते. चहा मात्र फक्कड होता.

५ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस यंत्रणा समजून घेतोय. दादांनी ती एकट्याने उभी केलीय आणि डोकं असं लावलंय की मी पदवीधर इंजिनियर असून लाजलो.

लिनक्स या इथल्या कॉम्प्युटर-प्रणालीत प्रत्येक कामाचं एक पॅकेज असतं आणि एक पॅकेज दुसऱ्यावर टेकून उभं असतं. दादांनी प्रत्येक विद्यार्थ्याचंही एकेक छोटं पॅकेज केलंय. त्याच्या नोट्स, त्याच्या अक्षराचा आकार, सगळं त्यात. कुठल्याही कॉम्प्युटरवर बसा, आपलं सामान समोर हजर. प्रत्येक पॅकेजमध्ये एक ओळ असते, मागवणारा. कुणीतरी मागवल्याशिवाय इथे कुणाचं नाव चढत नाही. बहुतेकांपुढे हरीश सर आहेत. दोघांपुढे मात्र विलास. एक मैत्रेयी आणि एक मी. माझं आज चढलं! मागवायचा अधिकार चौघांनाच आहे: सर, दादा, प्रवेशाचं काम बघते म्हणून मैत्रेयी, आणि आता मी.

दादांना विचारलं, तुमचं स्वतःचं नाव कुणी मागवलंय? ते हसले. त्यांच्या पॅकेजमध्ये त्यांनीच बनवलेला मराठी कीबोर्ड आणि फॉन्ट आहेत. बाकी सगळे त्यावर टेकलेले. मला कोण मागवणार बाबा, म्हणाले, तुम्ही टेकलाय म्हणून मी आहे.

मैत्रेयी गंगाखेडची. माझ्याहून वर्षाने लहान आणि जिभेने दहा वर्षांनी मोठी. तिची ही शेवटची संधी. मुलाखतीच्या पत्राची वाट बघतेय. सोयरीक मोडली म्हणून वडील फोन घेत नाहीत. मागच्या वर्षी डेंग्यू झाला तेव्हा दादा चार दिवस हॉस्पिटलात तिच्या पलंगाशी स्टुलावर बसून होते. ती त्यांच्याशी दिवसभर भांडते, बिनसाखरेच्या चहावरून. मला दोघंही आवडले.

८ नोव्हेंबर, शनिवार

अखेर सगळे चौदा कॉम्प्युटर नव्या आवृत्तीवर नेले. जुनीची मुदत केव्हाच संपली होती, दादा टाळत होते. नवीत मराठी कीबोर्ड आणि फॉन्ट मुळातच येतात, त्यामुळे आता सगळं त्यावर चालेल.

दादांनी बजावलं होतं की अपडेट कर, पण काढायचं काही नाही. असू दे रे, कुणाला ना कुणाला लागतं. आमची आईही रिकाम्या बरण्या अशाच साठवते. मला मात्र पसारा बघवत नाही, हा माझा जुना आजार.

तर अपडेट संपल्यावर कॉम्प्युटरनेच विचारलं. 'पुढील पॅकेजेस आपोआप बसवली गेली होती. आता त्यांची गरज उरलेली नाही. काढून टाकू?' खाली एकशे सत्त्याऐंशी नावं. असल्या याद्या वाचत बसतो कोण! हो म्हटलं. वर वेळापत्रकही लावून दिलं, दर शनिवारी दुपारी चारला, न विचारता, चौदाही कॉम्प्युटरवर सफाई.

दादा खाली चहाची पत्ती आणायला गेलेत. आले की दाखवतो किती जागा मोकळी झाली.

९ नोव्हेंबर, रविवार

छान गेला दिवस. नव्या आवृत्तीवर कॉम्प्युटर पळतायत. दुपारी खिडकीजवळच्या नऊ नंबरच्या खुर्चीवर बसून वाचलं. इतकी चांगली जागा रिकामी कशी राहिली, नवलच आहे. उद्यापासून माझी.

इथे चहाची सोय नाही हे मात्र वाईट. स्टोव्ह आहे, पण करणारं कुणी नाही. सगळे खाली टपरीवर जातात. मैत्रेयी सकाळपासून दोनदा उठून स्टोव्हपाशी जाऊन आली. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही यार, गॅसवर काहीतरी ठेवून आल्यासारखं वाटतंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कॉम्प्युटरची एक नोंद शोधायला ही वही मागे चाळली.

विलासदादा कोण?

अक्षर माझं आहे. शाई माझ्याच पेनाची. तीन तारखेला, पाच तारखेला, आठ तारखेला मी एका माणसाबद्दल लिहिलंय. मफलर, सांगोला, चहा. मला त्यातलं काही आठवत नाही. इथे कुणी बोलावलं, याचा विचार केला तर डोक्यात नुसती मोकळी जागा.

मैत्रेयीला विचारलं. तिला वाटलं मी थट्टा करतोय. हरीश सरांना फोन केला. असा कुणी कधी नव्हता म्हणाले. आणखी चार मुलांना विचारलं. नऊ नंबरची खुर्ची पहिल्यापासून रिकामीच आहे, असं चौघांनीही सांगितलं.

मग काढलेल्या पॅकेजेसची नोंद उघडली. एकशे सत्त्याऐंशी नावं, या वेळी एकेक करून वाचली. एकशे बाराव्या ओळीत, दोन फॉन्टच्या मध्ये: विलास. आपोआप बसवलेलं. मागवणारा: कुणी नाही. नव्या आवृत्तीत फॉन्ट आले, त्यांच्यावर टेकायचं सगळ्यांचं थांबलं, आणि मी हो म्हटलं.

परत बसवायला गेलो. 'असे पॅकेज कुठेही सापडले नाही.' तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

मी रडलो. चेहराही आठवत नाही अशा माणसासाठी पोटमाळ्यावर बसून रडलो. त्यांनी तासभर माझी समजूत घातली होती, आणि तो तास माझ्याकडे फक्त या कागदावर उरलाय. पत्ती आणायला जिना उतरलेला माणूस. वर यायला निघाला असेल तेव्हा तो कुठे होता?

१२ नोव्हेंबर, बुधवार

येत्या शनिवारच्या सफाईची यादी पाहिली. या वेळी दोनच नावं.

मैत्रेयी. मागवणारा: विलास.
परीक्षित. मागवणारा: विलास.

मागवणारा उरला नाही, म्हणून आमचीही गरज उरली नाही. सरळ हिशेब आहे. वेळापत्रक पुसलं. पाच मिनिटांत परत आलं. पुन्हा पुसलं, पुन्हा आलं. कॉम्प्युटरच्या वायरी काढल्या. मुलांनी आरडाओरडा करून लावल्या. चालू होताच कॉम्प्युटर राहिलेलं काम पुरं करतो, हे मीच त्याला शिकवलंय. चांगला इंजिनियर ना मी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मैत्रेयीला सगळं सांगितलं. आधी हसली. मग वही मागितली. डेंग्यूच्या ओळी तिने दोनदा वाचल्या. म्हणाली, वॉर्ड आठवतो. चार दिवस आठवतात. पलंगाशेजारी एक स्टूल होतं, त्यावर कुणी नव्हतं. पण रात्रंदिवस कुणीतरी पाणी देत होतं. ते कोण, हा प्रश्न आजवर तिला पडलाच नव्हता. मग तिने वही मिटली आणि तोंड फिरवून बसली.

तिच्यासाठी मी मागवणारा म्हणून कॉम्प्युटरवर माझं नाव घातलं. नाकारलं. तिने माझ्यासाठी घातलं. नाकारलं. यादीतल्या माणसाची सही यादीतल्याला चालत नाही. स्वतःची स्वतःला चालत नाही. सह्यांच्या अधिकारात नवा माणूस जोडायला विलासदादांचा पासवर्ड लागतो.

उरले फक्त हरीश सर.

त्यांनी तिला मागवलं तर ती यादीबाहेर येईल. मग ती मला मागवू शकेल. एवढीच वाट आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांशी बोललो. खरं सांगण्यात अर्थ नव्हता; कागदपत्रांची पूर्तता म्हटलं. मैत्रेयीचं करून देतो म्हणाले, गुणी मुलगी आहे. उद्या घरून, वेळ मिळाला की. माझं नाव काढल्यावर थबकले. तुला कामावर कुणी ठेवलं, मी तर ठेवलं नाही, असं विचारू लागले. सांगणार काय? मला आणणारा माणूस जगात झालाच नाही. सोमवारी येऊन बघतो म्हणाले, आवाज कडक होता.

संध्याकाळी घरी फोन केला. आईने जेवलास का विचारलं. हो म्हटलं. थंडी आहे का तिकडे? आहे थोडी. फोन ठेवायचा जीव होईना. तिला तीनदा विचारलं, माझी आठवण येते ना. ती म्हणाली, वेडा झालास का रे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी २.४०. सही नाही. सर फोन घेत नाहीत.

३.१५. फोन घेतला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आहेत. करतो म्हणाले. मैत्रेयी एक नंबरच्या कॉम्प्युटरपाशी बसून आहे. हातात मुलाखतीचं पत्र. आज सकाळीच आलं. कुणाला दाखवावं तिला कळेना, म्हणून मला दाखवलं. मी मोठ्यांदा वाचून दाखवलं. ती रडली, मीही.

३.४०. नाही. तिने सांगितलं, आधी माझं झालं तर मी तुझं करेनच, घाबरू नको. घाबरतोय मी. माझ्यासाठी घाबरतोय, हे लिहायला लाज वाटते, पण आधी तिच्यासाठी. दादांना मी घालवलं. हिला घालवलं तर—

३.५२. मी सरांना पुन्हा

३.५७. आली सही. मैत्रेयीचं नाव यादीतून गेलं. गेलं! ती वाचली. तिने माझा हात इतका घट्ट धरला की पेन पडलं. दादा, कुठे असाल तिथे, ही वाचली.

आता ती माझ्यासाठी बसलीय. पासवर्ड चुकला. परत घालतेय.

४.००. चौदा नंबरचा पडदा काळा झाला. मागून पुढे येतंय. तेरा. मैत्रेयी, लवकर. पासवर्ड लागला. बारा. ती पॅकेजचं नाव टाईप करतेय. प. र.

दहा. नऊ.

थांबली. का थांबली? मी सांगतोय, परीक्षित, पुढे री, मग— ती मान हलवतेय. ऐकतेय पण—

सहा. मोठ्याने ओरडलो. बाकीचे वर बघत नाहीत.

पाच. मैत्रेयी, ही वही तुझ्यापाशी ठेव. कळलं नाही तरी ठेव. यात दादा आहेत. चार दिवस स्टुलावर ते होते, पाणी तेच—

तीन

ती वळली. शांत आहे. मघाचं रडू तोंडावर अजून ओलं, ते कशाचं ते तिलाच कळत नसावं. दोन. माझ्याकडे बघतेय. खाली साडीवाल्याच्या माणसाशी बोलते तशी अदबीने, हिंदीत विचारतेय, भैया, किसका नाम लिख—