‘भरपूर मासे मिळोत’

प्रिय रान्दीताई,

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. आई पुन्हा मासे शिजवायला लागली का?

समुद्राने ऐकून उलटं करू नये म्हणून निघणाऱ्याला ‘जाळं रिकामं येवो’ म्हणायची आपली रीत विसरून तू ‘भरपूर मासे मिळोत’ म्हणालीस, आणि त्याच दिवशी होडी उलटून आपला भाऊ तूरे बुडाला. तेव्हापासून तू स्वतःला दोष देतेस. मीही रोज ‘तसं झालं नसतं तर’ हेच उगाळायचो.

परवा आमच्या होडीचा प्रमुख, म्हातारा तांडेल हाल्वर म्हणाला, “लाटेला कान असतात होय रे?” आता तो ‘तर’ मनात आला की मी ‘पुढे काय’ असं विचारतो. कधी जमतं, कधी नाही.

सोमवारी पुन्हा समुद्रावर निघतोय. धक्क्यावरून फोन करीन. ताई, तेच शब्द पुन्हा म्हण. तू म्हटल्याशिवाय मी होडीचा दोर सोडणार नाही.

तुझा धाकटा,
आइविंद