ज्यानं पाडले त्यानं झाकावं

माये, तुझ्या फोटोपायी तुझ्या नातीचं जमत आलेलं लग्न काल मोडलं. म्हणजे मीच मोडलं, असं तुझे जावई म्हणतात. सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीत, चहासुद्धा स्वतःच करून घेतला. घेऊ देत. मला वाईट वाटलंय, नाही असं नाही, पण त्याहून जास्त राग आलाय. तो कुणापुढं काढावा हे कळेना, म्हणून कागद घेऊन तुझ्याशी बोलायला बसले.

फोटो तोच, पैठणला नाथषष्ठीच्या जत्रेत काढलेला. फोटोवाला म्हणत होता, "मावशी, जरा तोंड मिटा," आणि तू उलट खदखदून हसलीस. पुढचे चार दात नाहीत आणि डोळ्यांत ही मस्ती! पुंडलिकनगरला घर घेतलं तेव्हा देवांच्या आधी मी तो फोटो दिवाणखान्यात लावला. काल पाहुणे यायच्या आधी हे म्हणाले, "आजचा दिवस आत ठेव की. कुणी विचारलंच तर काय सांगायचं?" मी म्हटलं, "खरं ते सांगायचं." ह्यांनी कपाळाला हात लावला.

खरं सांगायचं तर तुझे दात गेले त्या दिवसातलं मला फार थोडं आठवतं. मी शाळेतसुद्धा जात नव्हते. बाप जाऊन वर्ष झालं नव्हतं, कालव्याचं पाणी आल्यानं आपल्या रानाला किंमत आली होती आणि चुलत्याचा त्यावर डोळा होता, हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं, की शेजारची नवी सून घुमते, मधेच कुत्र्यासारखी भुंकते, आणि गाव म्हणतं की भानामती झाली. भुंकली की तिला दोन दिवस पाणी भरावं लागत नव्हतं, हे फक्त तुझ्या ध्यानात आलं. तू ते तिच्या सासूला तोंडावर सांगितलंस, आणि तिथंच बिनसलं. लांबच्या गावचा देवऋषी आणला. त्यानं तुझ्याकडं बोट केलं. म्हणाला, हिचे पुढचे दात पाडा, म्हणजे मंत्राचा उच्चार व्हायचा नाही आणि विद्या बाटेल. पारावर दगड चुलत्यानंच उचलला. मला एका बाईनं घरात दाबून धरलं होतं. तिच्या हाताला कांद्याचा वास होता. कांदा चिरताना आजही माझा हात थांबतो.

पुढं मी इतिहासाची बाई झाले. युरोपातल्या चेटकिणींचं शिकवताना माझा आवाज चढायचा. बाईचे हातपाय बांधून पाण्यात सोडायचे; तरंगली तर चेटकीण म्हणून मारायची, बुडाली तर निर्दोष. म्हणजे काही झालं तरी मेलीच की ती! पोरी विचारायच्या, "मॅडम, एवढी शिकलेली माणसं असं कसं करायची?" अगं, शिकलेलेच तर न्याय करायला बसायचे. कुठं डायन म्हणतात, कुठं चेटकीण, आफ्रिकेत कुठं कुठं म्हाताऱ्यांना गावाबाहेर काढतात. भाषा बदलते, देव बदलतो, बाई मात्र तीच निघते. एकटी, तोंडाची फटकळ, आणि जिच्याजवळचं काहीतरी दुसऱ्याला हवं असतं अशी. वर्गात हे सगळं मी घडाघडा सांगायचे. तुझं मात्र कधी सांगितलं नाही.

पहिल्या पगारावर मी तुला शहरात दातांच्या डॉक्टरकडं आणलं होतं, आठवतं? तू ह्या शहराला औरंगाबादच म्हणायचीस, नाव बदललं तरी मरेपर्यंत तेच म्हणालीस. खुर्ची मागं झुकली तशी तू "अगं माय माय" करत हसायला लागलीस. डॉक्टरनं माप घ्यायला घेतलं आणि तू एकदम उठून बसलीस. "राहू द्या डॉक्टरसाहेब. तुमचं काम चांगलं हाय, पण मला नाय पायजे." मी तिथंच चिडले. किती दिवस लोकांना असं तोंड दाखवणार, म्हणाले. तू माझ्याकडं वळलीस. "ज्यानं पाडले त्यानं झाकावं तोंड. म्या काहून झाकू?" परत जाताना एसटीत तू कुटलेल्या शेंगदाण्यांची पुडी काढलीस आणि निम्मी मला दिलीस. गावातल्या प्रत्येक लग्नात तू पुढं बसायचीस आणि सगळ्यात मोठ्यानं हसायचीस. दगड उचलणारा तुझा दीर तर तुला पाहिलं की वाट बदलायचा.

तर काल. मुलगा चितेगावच्या कंपनीत इंजिनिअर आहे. दोन-तीन महिने दोघं फोनवर बोलत होते, पोरगी खुशीत होती. पोहे आले, हसणं-खिदळणं चाललं होतं, आणि मुलाच्या आत्याची नजर भिंतीवर गेली. "ह्या कोण?" माझी माय, मी म्हटलं. "दात लवकर पडले वाटतं?" हे घाईनं म्हणाले, "पायरीवरून पडल्या होत्या." मी म्हटलं, "पडल्या नाहीत. भानामती करते म्हणून गावानं पाडले." आत्याबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

मग त्यांचं आपापसांत कुजबुजणं झालं. आत्याबाई गोड आवाजात म्हणाल्या, "आमचा तसा विश्वास नाही हो. पण असली विद्या आईकडून लेकीकडं जाते म्हणतात. आमच्या ओळखीचे एक महाराज आहेत, तुम्ही मायलेकी एकदा जाऊन उतरवून घ्या. तेवढंच समाधान." विश्वास नाही, पण उतरवून घ्या! ह्यांच्यापेक्षा तो देवऋषी बरा, निदान त्याचा विश्वास तरी होता. मी म्हटलं, "विद्या आली ना माझ्याकडं. जन्मभर शाळेत तीच शिकवली, आता पेन्शन खाते. ती उतरत नसते." आता याला कायदासुद्धा आहे, हेही ऐकवलं. हे माझा पदर ओढत होते. आणि तुझ्या नातीनं मुलाला सरळ विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तो मोबाइलकडं बघत म्हणाला, "मला तसं काही नाही, पण मोठ्यांचं मन..." ती उठली. म्हणाली, "पोहे खाऊन घ्या, गार होतील." आणि आत निघून गेली.

पाहुणे गेल्यावर मी तिच्या खोलीत गेले. रडली होती, डोळे सुजले होते. मला वाटलं, आता माझ्यावर तुटून पडणार. तिनं विचारलं, "आई, आजीला किती दुखलं असेल गं?" माये, इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पोलीस नाही, नातेवाईक नाही, मीसुद्धा नाही. मला हुंदका आवरेना, तीच मला थोपटत बसली. मग म्हणाली, "त्याआधी कशी दिसायची ती?" मी म्हटलं, आठवत नाही.

ते खरंच आहे. पण आणखी एक आहे, ते तिला सांगितलं नाही. फोटो मोठा करायला दिला तेव्हा स्टुडिओतला पोरगा म्हणाला होता, कॉम्प्युटरवर दात बसवून देऊ का काकू? मी नको म्हटलं. मग दारातून परत फिरले आणि म्हटलं, दात बसवून एकच कॉपी दे, लहान. ती माझ्या लग्नातल्या पैठणीच्या घडीत आहे. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा हा कागदही तिथंच ठेवते. भिंतीवर तू आहेस तशीच राहशील, त्यात बदल नाही. पण त्या लहान फोटोत तू हुबेहूब तुझ्या नातीसारखी दिसतेस, माये. म्हणूनच मला तो फार वेळ बघवत नाही.