दारातल्या म्हातारीचं बोलणं

शनिवार, संध्याकाळ

लहानपणी अक्काबरोबर खेळलेला जपानी गेम नव्याने आलाय, आज घेतला. आता इंग्रजीत आहे, सगळं कळतं. तिथंच बिनसलं. गावाच्या वेशीवर दारात उभी असलेली म्हातारी फक्त म्हणते, "पुढे पूल आहे." एवढंच?

तेव्हा आम्हाला जपानी कुठलं येतंय! तरी अक्का सगळ्यांचं बोलणं ठसक्यात वाचून दाखवायची. तिची म्हातारी म्हणायची, "कडक भाकरी बांधून देते, घेऊन जावा की." मी तेच खरं धरून बसलो, इतकी वर्षं.

अक्काला व्हिडिओ कॉल केला. चिडलीच. "म्हातारी पोरांना उपाशी धाडंल व्हय? बंद कर ते इंग्रजी."

केलं. भाषा जपानी लावून फोन म्हातारीसमोर धरला. अक्का वाचायला लागली, "लई दिवसांनी आलास की रे."